बाटलीवर नाव सरांचं

साखर तपासायची तारीख जवळ आली की सर अभ्यासाला लागत. अभ्यास म्हणजे कारलं. सकाळी कारल्याचा रस, दुपारी ज्वारीची भाकर आणि कारल्याचीच भाजी, संध्याकाळी गावाबाहेरच्या पुलापर्यंत तरातरा चालणं, रात्री नुसतं ताक. चहा बिनसाखरेचा, तोही तोंड वाकडं करून. असे तीन-चार दिवस काढले की उपाशीपोटी पहिल्या बसने चिखली गाठायची, रक्त द्यायचं आणि लॅबमधून बाहेर पडल्या पडल्या समोरच्या हॉटेलात पावशेर जिलबी हाणायची. दुपारी रिपोर्ट घेऊन आले की ओसरीवरूनच हाक, "पास झालो वं."

आतून काकू म्हणत, "झाले ना? मंग हात धुवा."

मी त्यांच्या घरात भाड्याने राहत होते. उंद्रीच्या शाळेत मी नवी लागले तेव्हा सर निवृत्तीला आले होते. गणित शिकवायचे. त्यांना नाव होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर कोणी वापरत नसे. कंडक्टर सर म्हणे, दूधवाला सर म्हणे, आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, त्याही सरच म्हणत. 'सर झोपले हायेत', 'सरायले वांगं पायजे'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. पुढे मीही त्यात मुरले.

हे सगळं मी हसत सांगायला घेतलं खरं, पण पुढे हसण्यासारखं फार नाही. काकू आज आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला डायलिसिसला जातात. साखर होती सरांना, सगळ्या गावाला ठाऊक असलेली, आणि सरांच्या किडन्या ठणठणीत आहेत. हे असं उलटं कसं झालं ते आठवलं की मला अजूनही सरांचा राग येतो. राग आला की त्यांचा चेहराही डोळ्यांपुढे येतो आणि मग नीट रागावता येत नाही.

सरांच्या खिशाला कायम लाल पेन असे आणि कशालाही दहापैकी मार्क द्यायची त्यांना खोड होती. बस वेळेवर आली तर ड्रायव्हरला सात. सरपंचाच्या भाषणाला दोन, आणि ते लवकर संपल्याबद्दल. माझ्या पहिल्या चहाला त्यांनी चार दिले होते, आणि मी शिकलेली बाई म्हणून एक ग्रेस. विहारातल्या बुद्धपौर्णिमेच्या खिरीला साडेआठ मिळाले. त्या खिरीच्या किती वाट्या पोटात गेल्या ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. काकूंच्या वांग्याच्या भाजीला नऊ. या नऊवर काकू दोन दिवस खूश असायच्या.

"एक मार्क कुठं कापला सर?" मी एकदा विचारलं.

"दहा देले तं मानूस पुढं काय करन?" सर म्हणाले. "दहा कोनालेच नाई भेटत मॅडम."

दहावीच्या परीक्षेला आमच्याकडे शाळेच्या खिडक्यांना काय काय लोंबकळतं ते मी सांगायला नको. भाऊ, काका, मित्र, झालंच तर उमेदवारी करणारे पुढारी. सरांची ड्यूटी असली की खिडक्या मोकळ्या. ते रबरी चपला घालून वर्गात फिरत, आवाज न करता पोराच्या मागे उभे राहत आणि नुसता हात पुढे करत. पोरगं मुकाट्याने चिठ्ठी त्या हातावर ठेवी.

सरांना मूलबाळ नव्हतं. काकूंच्या भावाचा मुलगा रोहिणखेडहून दहावीसाठी त्यांच्याकडे आणून ठेवला होता. काकूंचा भारी जीव त्याच्यावर. गणिताच्या पेपरला त्याच्या मोज्यात चिठ्ठी निघाली. निघाली कसली, सरांनीच काढली. पेपर हिसकावून घेतला आणि त्याला घरी पाठवलं. घरी म्हणजे सरांच्याच घरी, जिथे काकू त्याच्यासाठी गरम पोळ्या करून वाट पाहत बसल्या होत्या. काकूंचा भाऊ रागाने मुलाला घेऊन गेला तो पुन्हा उंद्रीला आला नाही, आणि मग वारलाच. काकू नवऱ्याला काही बोलल्या नाहीत, असं शेजारणीने मला सांगितलं. हे माझ्या येण्याआधीचं.

मी सरांना त्याबद्दल विचारायचं धाडस केलं होतं. ते चिडले नाहीत. गणित सोडवून दाखवावं तसं त्यांनी मला समजावलं. "नापास झालेला मानूस घरी जाते. घरी जाऊन अभ्यास करते, पुन्हा येते. त्यात काय लाज? चोरून पास झालेल्याले कुठं जाता येते सांगा मले."

हे ते उगाच बोलत नव्हते. सर त्यांच्या घरातले पहिले मॅट्रिक. आईबाप दुसऱ्याच्या वावरात राबणारे. निकालाचं वर्तमानपत्र बापाने उलटं धरून गावभर दाखवलं होतं, कारण सुलटं कोणतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते सांगताना सर दरवेळी थांबत आणि चष्मा पुसत. पास होणं ही त्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि साखरेचा रिपोर्टसुद्धा त्यांच्या हातात गुणपत्रिका होऊनच येई.

सरांना पहिल्यांदा खरी भीती वाटली ती चित्रकलेच्या सरांमुळे. हे त्यांचे जुने सोबती, एकाच वर्षी नोकरीला लागलेले. त्यांनाही साखर. आधी त्यांचे पाय सुजले, मग तोंड, मग जेवण जाईना, मग बुलढाण्याच्या चकरा सुरू झाल्या. आमचे सर दर रविवारी त्यांना भेटायला जात. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मापून देतात, कारण प्यालेलं बाहेर पडायला वाटच राहिलेली नसते. चित्रकलेचे सर ओठांना ओलं फडकं लावून बसलेले असत आणि आल्यागेल्याच्या हातातल्या पेल्याकडे बघत. तिथून परत आल्यावर सर भरला तांब्या समोर घेऊन बसून राहत आणि पीत नसत. वर्षभरात चित्रकलेचे सर गेले. त्यानंतर डायलिसिस हा शब्द त्या घरात काढायची सोय उरली नाही.

चिखलीचे डॉक्टर सरांचे विद्यार्थी होते. सर समोर बसले की ते खुर्चीवर जरा पुढे सरकून बसत. अनेक वर्षं उपाशीपोटीची साखर चांगली आणि सरांचं वजन, दात, डोळे मात्र वेगळंच सांगणारे, तेव्हा त्यांनी एकदा गुपचूप तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी लिहून दिली. आज काय खाल्लं ते या तपासणीला विचारावं लागत नाही. मागच्या तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती ते तिच्यात उतरतं. सर सपशेल नापास झाले.

घरी आले ते तणतणत. "पेपर आजचा अन् मार्क मागच्या तीन महिन्याचे? हे कोन्या बोर्डात चालते?" मी हसले तर त्यांनी मला शून्य दिलं.

डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "सर, हे चार दिवसांत पाठ होत नाही. आणि तुमची साखर जुनी आहे. अशा माणसाने दरवर्षी लघवीतलं प्रोटीन तपासलं पाहिजे, रक्तातून किडनीचं काम पाहिलं पाहिजे. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. किडनी तक्रारच करत नाही, सर. अर्ध्याहून जास्त जाते तोवर गप्प असते." असं म्हणून त्यांनी सकाळच्या पहिल्या लघवीसाठी प्लास्टिकची छोटी बाटली हातात दिली. सर ती घेऊन घरी आले आणि कोनाड्यात ठेवून तिच्याकडे बघत बसले. त्यांना काही दिवसांपासून लघवीला फेस दिसत होता. चित्रकलेच्या सरांनीही सुरुवातीला फेसच सांगितला होता.

कारलं खाऊन लघवीचा अभ्यास होतो की नाही हे सरांना माहीत नव्हतं. पुढे काय झालं ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, पण ते इथेच सांगते, म्हणजे सगळं नीट लागेल.

सकाळी त्यांनी बाटली काकूंच्या हातात ठेवली. "हे भरून आन."

"कायनं?"

सरांनी सांगितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. "आता तुमची लघवीबी मीच करू काय?"

"तुले काय झालं? तुही चांगलीच असन. एक डाव पास होऊन जाऊ दे, मंग मी पथ्य पाळतो. खरंच पाळतो."

काकूंनी बाटली भरून दिली. लग्न झाल्यापासून सरांनी मागितलं आणि काकूंनी दिलं नाही असं काही नव्हतं, त्यात हेही. सरांनी वळणदार अक्षरात बाटलीवर स्वतःचं नाव घातलं, ती रुमालात गुंडाळली आणि चिखलीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. पोरांच्या मोज्यातल्या चिठ्ठ्या काढणारा हा माणूस. लॅबमध्ये रक्त मात्र स्वतःचं दिलं, कारण ते समोर बसवून काढतात.

रिपोर्ट आला. रक्त ठीक, लघवीत प्रोटीन. थोडंथोडकं नाही, भरपूर.

डॉक्टरांच्या मनात शंका येण्याचं कारणच नव्हतं. एकतर असं असतंच, लघवीत आधी दिसतं आणि रक्तात मागाहून. दुसरं म्हणजे समोर सर होते. सर कॉपी करतील असं त्या जिल्ह्यात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. डॉक्टर म्हणाले, "सर, आत्ता सापडलं हे फार बरं झालं. हीच वेळ असते. साखर आणि बीपी धरून ठेवलं, मीठ कमी केलं, किडनीला जपणारी ही गोळी रोज घेतली आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने खाल्ल्या नाहीत, तर कितीतरी वर्षं हे आहे तिथंच थांबवता येतं. एका तपासणीवर शिक्का मारत नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय आलं?"

"पास," सर म्हणाले.

काकू किडनीत बिघाड घेऊन चुलीपाशी वळल्या आणि त्यांना वाटलं की आपली तपासणी झाली, चांगली आली.

मी पुढे सरांना विचारलं की त्यांनी असं का केलं. आवाज चढवूनच विचारलं. ते म्हणाले, "बसमधी लय इचार केला मॅडम. तिले साखर नाई, वजन नाई, जल्मात दवाखाना नाई. मंग तिची अशी कशी येईन? म्हटलं, उत्तरपत्रिका बदलली. लॅबवाल्यानं दुसऱ्याच कोनाच्या बाटलीवर माहं नाव टाकलं." बोर्डाचे पेपर तपासताना त्यांनी असे घोळ पाहिले होते. ते खरंच तसं मानत होते, हे मी नाकारत नाही. पण काकूंना सांगायचं म्हणजे डॉक्टरांना सांगावं लागलं असतं, आणि आपल्या विद्यार्थ्यापुढे उभं राहून 'मी कॉपी केली' असं सर म्हणू शकले नसते. माझ्या मते खरं कारण ते होतं. मी तसं बोललेही. सरांनी मान खाली घातली.

गंमत बघा. त्या रिपोर्टने सर सुधारले. तो आपला नाही हे माहीत असूनही ते हादरले होते, कारण आपला याहून वाईट असणार असंच त्यांना वाटत होतं. जिलबी बंद झाली. पुलापर्यंतचं चालणं रोजचं झालं. गोळ्या वेळेवर, बीपी महिन्याला. तीन महिन्यांनी त्यांनी अदलाबदल न करता स्वतःची लघवी दिली, आणि ती स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, औषधाला यश आलं. सर म्हणाले, बघा, पहिला रिपोर्ट चुकीचाच होता. फेस नुसता फेसच होता. तो दिसला म्हणजे किडनी गेलीच असं नसतं, आणि न दिसला म्हणजे ती राहिलीच असंही नसतं, तपासल्याशिवाय कळत नाही. त्या दिवशी सरांनी सबंध गल्लीला जिलबी वाटली, स्वतः तुकडाही खाल्ला नाही. मीही ती आवडीने खाल्ली. काकूंनी दिलेल्या बाटलीने सरांच्या किडन्या सांभाळल्या, आणि काकूंचं काय ते कोणी पाहिलंच नाही.

त्या घरात तेव्हापासून दोन भाज्या होऊ लागल्या. एक सरांची, मीठ कमी असलेली, आणि एक काकूंची. काकूंना ठेचा लागे, लोणच्याचा खार लागे. दिवसभर उभ्या राहून गुडघे दुखले की त्या मेडिकलवाल्याकडून लाल गोळी आणवत. "लय गुन आहे या गोळीत," म्हणत. घरात पथ्यं करायला एक माणूस होता, दुसऱ्यालाही काही होऊ शकतं हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गावच्या दवाखान्यात साखर तपासणीचं शिबिर झालं तेव्हा रांग लावायला अर्थातच सर उभे होते. काकू चहाची किटली घेऊन आल्या. सिस्टर म्हणाली, "काकू, बोट द्या, तुमचीपन साखर पाहून घेऊ." काकू लाजल्या. "मले काय धाड भरली? सरायचं पाहा." आणि चहा ओतत पुढे गेल्या.

मग तीन-चार वर्षांनी एका हिवाळ्यात आम्ही दोघी अंगणात तूर निवडत बसलो होतो. काकूंनी बांगड्या वर सारल्या तर मनगटावर त्यांचे खड्डे पडले होते. पाय पाहिले तर तेही फुगलेले. बोटाने दाबलं की खळगा पडे आणि कितीतरी वेळ तसाच राही.

"काकू, हे बरं नाही. दाखवून घ्या एकदा."

"उभं राहून राहून येते वं सूज."

"तरी रक्त-लघवी तपासा ना. सरांची होते तशी."

काकू हसल्या. तोंडावर पदर गेला. "माही झाली तपासनी पोरी. चांगली आली होती."

"तुमची? कधी?"

"झाली होती एकडाव. सरायनं सांगतलं मले, पास झाली म्हनून."

मी पुष्कळ खोदून विचारलं, पण त्या पुढे बोलल्या नाहीत. तूर पाखडायला लागल्या. मला वाटलं कुठल्या तरी शिबिरात झाली असेल. आता कळतं की त्या सरांची अब्रू सांभाळत होत्या. नवऱ्याने कॉपी केली हे भाडेकरूला कळू नये म्हणून त्यांनी ते झाकून ठेवलं, आणि त्याच्याच भरवशावर आपले सुजलेले पायही झाकून ठेवले.

फाल्गुनात त्यांना आडवं पडलं की दम लागायला लागला. अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली. एका सकाळी सरांनी आणि मी रिक्षा करून त्यांना चिखलीला नेलं. डॉक्टरांनी रक्त काढलं, डोळे तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला.

"काकूंना साखर कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"तिले साखर नाई," सर म्हणाले.

"आहे, सर. डोळ्यांच्या पडद्यावरून दिसतं, दहा-एक वर्षं तरी जुनी असेल. किडन्या जवळपास थांबल्यात. आजच बुलढाण्याला न्यावं लागेल." आणि मग, कोणाला दोष द्यायचा म्हणून नव्हे, नुसतं हळहळून ते म्हणाले, "तीन-चार वर्षांपूर्वी कोणी नुसती लघवी तपासली असती, तरी धरता आलं असतं."

सर उभे होते ते तिथल्या तिथे फरशीवर बसले. डॉक्टरांना वाटलं साखर उतरली, त्यांनी ग्लुकोजचं पाणी मागवलं. सरांनी ते प्यायलं नाही.

बुलढाण्याच्या त्या विभागात नातेवाइकांना आत जाऊ देत नाहीत. आयुष्यभर परीक्षेच्या खोलीत आत फिरलेले सर आता बाहेरच्या बाकावर बसून राहतात आणि दाराच्या काचेतून दिसेल तेवढं बघतात. आत काकूंच्या डाव्या हाताला सुया टोचलेल्या असतात. त्या हातात शस्त्रक्रिया करून रक्तवाहिनी जोडली आहे, म्हणून त्या हाताला आता बांगडी नाही, ओझं नाही. हात कानाला लावला तर आत घरघर ऐकू येते. काकू ती घरघर मला ऐकवतात, लहान मुलीने नवी वस्तू दाखवावी तशी. मला ते ऐकवत नाही.

त्याच बाकावर सरांनी मला बाटलीची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. मी उठून नळाशी गेले, कारण तिथे बसले असते तर फार वाईट बोलले असते.

पुढच्या खेपेला ते आपल्या लघवीची बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेले. रुमाल नाही, पिशवी नाही, हातात उघडी धरून. बसमधली माणसं तोंडं फिरवत होती. चिखलीच्या डॉक्टरांपुढे त्यांनी आधी सगळं कबूल केलं. डॉक्टर आपल्या जुन्या मास्तरांकडे बघू शकले नाहीत, टेबलाकडे पाहत राहिले, असं सरच म्हणाले. मग तपासणी झाली. लघवी स्वच्छ. रक्त स्वच्छ. सोनोग्राफी केली, तीही चांगली.

"मंग माही काढा अन् तिले द्या," सर म्हणाले.

"नाही घेता येत, सर. साखर असलेल्या माणसाची किडनी घेत नाहीत."

"पन चांगली आहे ना?"

"चांगली आहे. तरी नाही."

"पास झाली आहे ना मंग?" सरांनी पुन्हा विचारलं. डॉक्टर उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले. काकूंचं नाव मेलेल्या माणसाची किडनी मिळावी म्हणून थांबलेल्यांच्या यादीत नोंदवलं आहे. त्या यादीबद्दल आम्ही बोलत नाही.

मी आता मेहकरला असते. सुट्टी असली की बुलढाण्याला जाते आणि त्यांच्याबरोबर चिखलीपर्यंत परत येते. दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. काकू खिडकीशी बसल्या होत्या, शेजारी सर, मागच्या बाकावर मी. डायलिसिसनंतर काकू पिळून काढल्यासारख्या होतात, बोलत नाहीत. त्यांना तहान लागली होती. सरांनी बाटलीच्या झाकणात मापाचं पाणी ओतून दिलं. त्यांनी ते तोंडात धरून हळूहळू गिळलं. बाहेर सोयाबीन निघालेली वावरं होती.

सर म्हणाले, "तुले एक सांगाचं आहे."

"सांगा."

"थे चिखलीची बाटली. तुही. थे पास नव्हती झाली. नापास झाली होती. मी तुले खोटं सांगतलं."

काकूंनी मान वळवली नाही. मला वाटलं ऐकूच गेलं नसेल, बस फार खडखडत होती. सर तसेच बसून होते, हातात रिकामं झाकण.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "अन् तुमची?"

"माही चांगली होती."

"बरं," काकू म्हणाल्या. "चित्रकलेच्या सरायवानी होईन म्हनून भेत होते तुमी."

"हाव."

कंडक्टर तिकिटं विचारत आला, पुढे गेला. काकूंनी बांगडी नसलेला हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने त्यावरून बोटं फिरवली.

"भावाच्या पोराले तुमी घरी पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ किती घालू विचारावं तसा. "मी रडली होती तवा. तुमी म्हने, नापास झालेला घरी जाते, अभ्यास करते, पुन्हा येते. त्यात काय लाज म्हने."

सरांनी झाकण बाटलीवर बसवलं आणि घट्ट फिरवलं.

"मलेबी घरी येऊन सांगाचं होतं ना," काकू म्हणाल्या. "म्याबी केला असता अभ्यास."